बीएडचा समाजशास्त्राचा पेपर वर्गात कधी कामाला येतो का? अनुभव सांगा

फळापुसणी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीएस्सी करून बीएडला आले, सध्या आंतरवासिता चालू आहे. शाळा साखर कारखान्याच्या पट्ट्यातली, गाव सांगत नाही. आम्हाला एक पेपर आहे, समाज, संस्कृती आणि शिक्षण असं सगळं त्यात कोंबलंय. सामाजिक स्तरीकरण, सामाजिक गतिशीलता, सामाजिकीकरणाची साधने, शिक्षण हे परिवर्तनाचे साधन, प्रत्येकी पाच मुद्दे. सीनियर्सच्या झेरॉक्स नोट्स आहेत, त्या तीन दिवसांत पाठ होतात आणि चौथ्या दिवशी विसरतात. सांस्कृतिक भांडवल असा एक टॉपिक आहे, त्याखाली लिहिलंय बोर्द्यू, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, १९३० ते २००२. बास. हे भांडवल नक्की कोणाकडे असतं, कुठे ठेवतात, काही पत्ता नाही.

आता खरा प्रॉब्लेम. दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे सातवीवर पाण्याच्या अवस्थांचा सराव पाठ होता. प्रस्तावनेचे प्रश्न विचारत होते, एका मुलाने हात वर केला, उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, पानी तापलं की वाफ होती. उत्तर बरोबर होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "पानी नाही रे, पाणी. म्हण बघू, पाणी." सगळा वर्ग हसला. तो बसला तो बसलाच, पुढची तीस मिनिटं हात वर नाही, आणि त्याच्या बाकावरच्या दोघांचे पण नाहीत. आमचे मार्गदर्शक मागे बसून निरीक्षण लिहीत होते, त्यांनी शेरा दिला, "उच्चारशुद्धीकडे लक्ष दिले, चांगले." मला दहापैकी आठ मिळाले.

दुसरी गोष्ट, त्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी बसते. दिवाळीनंतर आली म्हणे, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली, बीडकडची. वही आहे पण लिहीत नाही, विचारलं तर खाली बघते. मी तिच्याजवळ जायला लागले तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो ती मार्चपर्यंतच असते, आणि रोज येत पण नाही, तिच्यामागे तुमचा पाठ वाया घालवू नका." त्या बाई वाईट नाहीयेत बरं का, स्वतःच्या पैशाने पोरांना वह्या देतात.

तर माझा प्रश्न असा की हा जो पेपर आहे तो ह्या दोन गोष्टींबद्दलच आहे का? कारण मला असं आतून वाटतंय की आहे, पण नोट्समध्ये तसं कुठेच लिहिलेलं नाही. ज्यांनी वर्गात वर्षं काढलीत त्यांनी सांगा प्लीज.

---

कोपरखळी

ताई, माझं बीएड होऊन सहा वर्षं झाली. ह्या पेपरला मला चांगले मार्क होते आणि आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही. भरतीला काय विचारतात बघा, अभियोग्यता चाचणीला दोनशे मार्क, त्यात एकशेवीस अभियोग्यता आणि ऐंशी बुद्धिमत्ता. नातेसंबंध, घड्याळ, दिशा. बोर्द्यू कुठेच नाही. आधी नोकरी लागू द्या, पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाइटवर, नाव येऊ द्या, मग समाज बघू. मी अजून बघतोच आहे, पोर्टल.

पानी-पाणीचं म्हणाल तर शाळेत शुद्ध नाही शिकवायचं तर कुठे शिकवायचं? उद्या मुलाखतीत पानी म्हणाला तर हसतील ते चालेल का?

---

मेळघाटी_मास्तर

कोपरखळी, तुमचा दुसरा मुद्दा अगदीच चूक नाही, त्याच्याकडे येतो. आधी माझं सांगतो.

मी मूळचा सांगलीकडचा, झेडपीत लागलो आणि पहिली नेमणूक मेळघाटात, धारणी तालुक्यात. डीएडला मी पण हे सगळं पाठ केलं होतं, भाषा व समाज वगैरे. पहिल्या दिवशी पहिलीच्या पोरांना म्हटलं, चला बसा, आपण गाणं म्हणू. कोणी बसेना. परत म्हटलं, मोठ्याने म्हटलं. आपलं असंच असतं, समोरच्याला कळत नाही म्हटलं की आवाज वाढवायचा, जसं काय ते बहिरे आहेत. मग चौथीतला एक पोरगा आला, काहीतरी दोन शब्द बोलला आणि सगळी झटकन खाली बसली.

कोरकू ही मराठीची बोली नाही हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. ती मुंडा गटातली भाषा, नातं लावायचं तर झारखंडकडच्या संथाली-मुंडारीशी लागतं. गडचिरोलीतली माडिया-गोंडी घ्या, ती द्रविड, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या घरातली. आणि आपण ह्या सगळ्यांना म्हणतो, यांची मराठी कच्ची आहे. अरे कच्ची कशी असेल, ती त्यांची नाहीच. मला उद्या कन्नड शाळेत पहिलीला बसवलं आणि महिन्याभरात वाचता येत नाही म्हणून अप्रगत शेरा मारला तर मी काय म्हणेन? तरी धारणीत बाजारात हिंदी चालते म्हणून पोरांच्या कानावर मराठीच्या घराण्यातलं थोडं काही पडलेलं असतं.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. शक्य असेल तिथवर, हे तीन शब्द फार सोयीचे आहेत.

मी काय केलं तर फार थोर काही नाही. पोषण आहार शिजवायला ज्या बाई यायच्या त्यांना दुपारी अर्धा तास वर्गात बसवलं, त्यांच्याकडून दोनशे-अडीचशे शब्द एका वहीत लिहून घेतले. माझे उच्चार ऐकून पोरं लोळायची हसून. पण त्याचा एक फायदा असा झाला की मास्तर पण चुकतो, आणि आपल्याला येतं ते मास्तरला येत नाही, हे त्यांनी बघितलं. त्यानंतर बोलायला लागली. वर्ष-दीड वर्षात मराठी पण यायला लागली, आणि ती पक्की आली.

दुसरं म्हणजे होळी. आमच्याकडे होळी म्हणजे एक दिवसाचा सण, नारळ वाहिला, पोळी खाल्ली, झालं. मेळघाटात होळी सगळ्यात मोठी, दिवसच्या दिवस चालते, पोरं रस्त्यात फगवा, म्हणजे होळीची वर्गणी, मागत उभी असतात. पहिल्या वर्षी मी हजेरीवर लाल शाईने गैरहजर गैरहजर लिहीत बसलो होतो, रिकाम्या वर्गात, एकटा. केंद्रप्रमुखांना अहवाल दिला, पालक उदासीन. आज ते वाचलं तर लाज वाटते. पालक उदासीन नव्हते हो, ते होळी खेळत होते, आणि मी सोडून सगळ्या गावाला ते माहीत होतं.

शाळा व्यवस्थापन समितीचं पण तसंच. कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. माझी बैठक सकाळी अकराला. कोण येणार अकराला? सगळे कामावर. सह्या घरी जाऊन घ्यायच्या. संध्याकाळी शेकोटीपाशी बैठक घ्यायला लागलो तेव्हा कोरम भरायला लागला.

आता कोपरखळींचा मुद्दा. प्रमाण मराठी शिकवायची का, तर शिकवायचीच, मी पण शिकवतो. पण मुलगा वाफेबद्दल बोलत असताना नाही. तो विज्ञानाचं उत्तर देत होता, तुम्ही मराठीचा पेपर तपासला.

---

तिन्हीसांज

फळापुसणी, तुमचा प्रश्न वाचून मी चहा बाजूला ठेवला. मी अध्यापक महाविद्यालयात एकोणतीस वर्षं हाच विषय शिकवला आणि आता निवृत्त आहे. कबूल करते, तुमच्या मार्गदर्शकांनी दिला तो शेरा १९९० च्या सुमाराला मी पण दिला असता, बहुतेक दिलाही असेल. निरीक्षण तक्त्यात उच्चारशुद्धी असा रकानाच असायचा, तो भरायला लागायचा.

ह्या पेपराची गंमत अशी झालीय की जी माणसं चिखलात उतरून, शेण-धोंडे खाऊन ह्या प्रश्नांशी भिडली त्यांची आपण यादी केली. शिक्षणतज्ज्ञ, जन्म, मृत्यू, कार्य, पाच गुण. आणि मग विद्यार्थी विचारतात ह्याचा वर्गाशी काय संबंध.

तुमचा जो प्रश्न आहे ना, शिक्षकाला मुलाचं घर माहीत असायला हवं का, तो महाराष्ट्रात १८८२ साली विचारून झालाय. हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आहे, ती सगळ्यांना पाठ असते. रयतेच्या घामातून महसूल येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हेही पुष्कळांना माहीत असतं. पण शिक्षक कोण असावा ह्यावर ते जे म्हणतात ते कुणी शिकवत नाही. शेतकरी वर्गातले शिक्षक प्रशिक्षण देऊन तयार करा असं त्यांचं म्हणणं, कारण ते पोरांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा समजतील, आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा (मूठ) किंवा सुताराचा वासला हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही. म्हणजे शिक्षकाची पात्रता म्हणून फुले पुस्तकी ज्ञानाच्या जोडीला हे मागत होते. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध ह्या दोन्ही लिप्यांतलं वाचन-लेखन, हिशेब, त्याबरोबर शेतीची तोंडओळख आणि आरोग्य पण होतं.

दुसरं उदाहरण मी नेहमी डहाणूजवळच्या कोसबाडचं द्यायचे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या, १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ निघाला. मॉन्टेसरीचं सगळं तंत्र हातात. १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातलं काम सुरू केलं, अनुताई वाघ जोडीला. आणि पोरं येईनात. शहरात पालक फी भरून मूल आणून सोडतात, इथे कोण सोडणार? मग बालवाडीच वस्तीवर नेली, अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द असा आलाय. पुढे १९७५ ला केंद्र सरकारची योजना आली तिच्या केंद्रांनाही हेच नाव लागलं.

मग काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे कळलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण कडेवर धाकटं भावंड असतं. आपण काय करतो अशा वेळी? पालक मेळाव्यात मुलगी शिकली प्रगती झाली असं भाषण करतो. त्यांनी काय केलं तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. आणि जी पोरं गुरं वळायला जायची त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. पोराला शाळेसारखं करण्याआधी शाळेने पोरासारखं व्हायचं, हे त्यांनी वीटमातीत करून दाखवलं. मी ह्याला पंचवीस मार्काचा प्रश्न करायचे आणि मुलं पाच मुद्दे लिहायची, तर दोष माझाही आहे.

आता तुमचं सांस्कृतिक भांडवल. सोप्पं करून सांगते. प्रकल्प वहीचा दिवस आठवा. एक मुलगी रंगीत प्रिंट, कोरीव अक्षर, वर प्लास्टिक कव्हर घालून घेऊन येते. तो प्रकल्प तिच्या आईने रात्री जागून केलेला असतो, हे सगळ्या स्टाफरूमला माहीत असतं. दुसरी वहीच्या पानावर पेनाने चित्र काढून आणते. दहापैकी नऊ कोणाला? मार्क आपण मुलीला देतो असं समजतो, ते खरं म्हणजे तिच्या घरातल्या टेबलाला, पेपरला, शिकलेल्या आईला आणि प्रिंटरला दिलेले असतात. आणि मग म्हणतो ही हुशार, ती जेमतेम. बोर्द्यू एवढंच म्हणतोय, फ्रेंचमध्ये आणि फार अवघड करून.

पाणीचं पण तेच. जी प्रमाण मराठी आपण शुद्ध म्हणतो ती आकाशातून पडली नाही. एकोणिसाव्या शतकात कोश झाले, व्याकरणं झाली, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबांचं व्याकरण १८३६ चं, आणि त्या काळात पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांचं बोलणं हा नमुना ठरला. एक नमुना लागतो, त्याला माझी हरकत नाही. पण ज्याच्या घरी तोच नमुना बोलतात त्याला शाळेत घरच्यासारखं वाटतं आणि बाकीच्यांना पहिल्या तासापासून पाहुण्यासारखं. आणि आपला ढोंगीपणा बघा, बहिणाबाईंची कविता पुस्तकात आली की तीच खानदेशी बोली किती गोड, किती अस्सल, आपण चालीवर म्हणून दाखवतो, आणि तीच बोली मागच्या बाकावरून आली की अशुद्ध.

फार लांबलं. निवृत्त माणसाला विषय देऊ नये.

---

निळी_शाई

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण मला थोडं वेगळं बोलायचंय आणि जरा कडू लागेल.

मी ज्या घरातून आलो त्यावरच हे पेपर लिहिलेले असतात. वंचित घटक, प्रकरण चौथं, तो मी. लातूरकडचं गाव, वस्ती गावाबाहेर, आईवडील दोघं मजुरीला. आज माध्यमिकला गणित शिकवतो.

पाचवीत आम्हाला एक सर होते, अतिशय मायाळू. त्यांना आमच्या घरची परिस्थिती पूर्ण माहीत होती, घरी पण येऊन गेले होते, आईने चहा दिला तो प्याले, त्या काळात ते पण मोठं होतं. आणि ह्या सरांनी काय केलं तर मला वर्षभर सोपी गणितं दिली. बाकीच्यांना अपूर्णांकाची उदाहरणं आणि मला बेरीज-वजाबाकी. चुकलं तरी रागवायचे नाहीत, पाठीवर हात ठेवून म्हणायचे, असू दे बाळा, एवढं केलंस खूप झालं. मला वर्षभर वाटत होतं मी सरांचा लाडका आहे. सहावीत गेल्यावर कळलं मला अपूर्णांक येतच नाहीत. तिथे एक मॅडम होत्या, तिरसट, माझं घर कुठे हेही त्यांना माहीत नसेल. त्यांनी शाळा सुटल्यावर दोन महिने बसवून घेतलं, रडवलं, आणि अपूर्णांक शिकवले. मला आज दोघांपैकी कुणाचे पाय धरावेसे वाटत असतील ते सांगायला नको.

तर पार्श्वभूमी समजून घ्या हे ठीक आहे, पण ती समजून घेतली की आपल्याकडे लगेच दुसरी पायरी येते ती म्हणजे मग ह्याच्याकडून कसली अपेक्षा करणार. स्टाफरूममध्ये मी रोज ऐकतो, घरी कुणी शिकलेलं नाही हो, काय करणार. हे सगळं समाजशास्त्र झालं, बरोबर पण आहे, आणि ते म्हणून झालं की माणूस निवांत चहा पितो.

मुक्ता साळवे आठवा. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, मांग समाजातली. तिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दल, आणि त्यात तिने थेट विचारलंय की आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता. ही मुलगी शाळेत फक्त काही वर्षं होती. तिला कुणी असू दे बाळा म्हटलं असतं तर हे लिहून झालं असतं का? तिला पूर्ण ताकदीचं शिक्षण दिलं आणि तिने ते पूर्ण ताकदीने वापरलं.

अजून एक, भावी शिक्षकांसाठी. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात ओरडून एससी उभे रहा, एसटी उभे रहा, ओबीसी उभे रहा असं म्हणू नका. मी दरवर्षी उभा राहायचो. फॉर्म माझ्या भल्याचाच होता. यादी ऑफिसात असते, मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावता येतं, पाच मिनिटं जास्त लागतात.

---

फळापुसणी

बापरे, मला वाटलं दोन ओळींची उत्तरं येतील. सगळ्यांचे खूप आभार.

निळी_शाई सर, तुमचं वाचून मी खरंच घाबरले, कारण त्या ऊसतोडीच्या मुलीसाठी मी काय ठरवलं होतं माहितीय? तिला चित्र रंगवायला द्यायचं. सगळे जलचक्राची आकृती काढून नावं देतील आणि तिने नुसतं रंगवायचं. मला ते प्रेमळ वाटलं होतं. ही तुमचीच बेरीज-वजाबाकी झाली ना?

तिन्हीसांज मॅडम, रुमण्याचं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय. एक प्रामाणिक शंका, मी शहरात वाढलेली, फुले म्हणतात तसा शिक्षक त्याच समाजातला हवा असेल तर मी तिथे चालणारच नाही का?

---

तिन्हीसांज

चालाल की. ताराबाई मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या, वारली पाड्याशी जन्माने त्यांचा काही संबंध नव्हता. पण फुल्यांचा मुद्दा ह्याने पुसला जात नाही हं, तुमच्या बॅचमध्ये पाड्यावरच्या, वस्तीवरच्या किती मुली आहेत हे एकदा मोजा. आणि त्यांना सराव पाठाला उच्चाराचे मार्क किती पडतात तेही बघा.

निळी_शाईंशी सहमत. साताऱ्याला भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग, १९२४ चं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करून जेवत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. पण अभ्यासात सूट? नाव नको. काम करा आणि शिका, आणि दोन्ही नीट करा.

---

गोदाकाठ

मी माजलगावकडचा. उसाच्या पोरीबद्दल लिहिलंय म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड शोधण्यात अर्धा तास गेला.

ताई, आमच्याकडं नवराबायको दोघं मिळून एक कोयता धरतात. एक कोयता म्हणजे एक जोडी. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, त्यात ती संपलेली असते, आणि दिवाळी झाली की ती फेडायला ट्रॅक्टरमध्ये बसायचं. मार्च-एप्रिलला परत. म्हणजे त्या पोरीचं शाळेचं वर्ष बरोबर मधून कापलं जातं, अर्धं इकडं अर्धं तिकडं. गावात हंगामी वसतिगृहाची योजना असते, आजीकडं पोरं राहिली तर त्यांच्या जेवणाची सोय होते, पण वयात येणारी पोर मागं ठेवायला आईबाप भितात. आणि कामाला लागते ना ती. कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीवर, धाकट्याला कोण बघणार?

आता तुमची ती पोरगी सकाळी काय करून शाळेत येते ते विचारा, पण सगळ्या वर्गात नका विचारू. आई पहाटे तीन-चारला उठते, फडात जाते, मग पाणी भरणं, भाकरी, लेकरू, सगळं हिच्यावर. तुमचा वर्ग भरतो तोवर तिचा अर्धा दिवस झालेला असतो. ती खाली बघते ती झोपेनं पण असू शकते हो, लाजेनंच असं नाही.

रोज का येत नाही ते पण सांगतो. तोड आज ह्या फडात, उद्या पाच किलोमीटर लांब. गाडी रात्री भरायची असली तर सगळं घर रात्री फडात.

आणि तिला येत काय असतं ते बघा. मोळी किती किलोची, ट्रॉलीत किती टन बसतो, टनाला भाव काय, उचलीतले किती फिटले किती राहिले, मुकादमानं हिशेबात किती कापले. ही लेकरं हा हिशेब तोंडी करतात कारण बापाला गंडवू नये म्हणून करावा लागतो. माझी धाकटी बहीण करायची. शाळेत तिला शेकडेवारी येत नाही म्हणून लिहिलं होतं.

काम एक करा. तिच्याकडं गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड आहे का बघा. स्थलांतर करणाऱ्या लेकरांना ते द्यायचं असतं, त्यावरून इकडच्या शाळेला कळतं की तिचं कुठवर झालंय. पुष्कळदा ते दिलेलंच नसतं नाहीतर ट्रंकेत तळाला असतं. नसेल तर तिलाच विचारा, तुमच्या शाळेत कुठल्या धड्यापर्यंत आलं होतं. पुस्तक तेच आहे, बालभारतीचं, ती धड्याचं चित्र दाखवून सांगेल. आणि नाव हजेरीत घेतलंय का तेही बघा, का नुसतीच बसते.

---

कोपरखळी

गोदाकाठ भाऊ, कडक. मी माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही, परीक्षेत हे विचारत नाहीतच, पण हे वाचून आमच्या कोचिंगमध्ये टनाचं गणित घालतो उद्या.

आणि मास्तर, ते विज्ञान-मराठीचं पटलं.

---

फळापुसणी

अपडेट द्यायला उशीर झाला, सेमिनार होता.

हजेरीत नाव नव्हतं. गोदाकाठ दादा, तुम्ही म्हणालात तसंच, नुसतीच बसत होती. वर्गशिक्षिकांना सांगितलं तर त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या पटावर घेतलं की गैरहजेरी दिसते, वर विचारतात. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच घेतलं. कार्ड नाहीये. तिने पुस्तकात बोट ठेवून दाखवलं कुठपर्यंत झालं होतं, आणि गंमत म्हणजे विज्ञानात ती ह्या वर्गाच्या दोन धडे पुढे आहे. पाण्याच्या अवस्था तिच्या झाल्या होत्या! आणि मी तिला रंगवायला देणार होते.

शेकडेवारीचा पाठ माझ्या मैत्रिणीचा होता, तिच्याबरोबर बसून ट्रॉलीचं उदाहरण घातलं. त्याच दिवशी ती मुलगी आली नाही. तोड लांब गेली म्हणे. गावातल्या पोरांनीच सोडवलं, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी ऊस आहे, कारखान्याची काटा पावती त्यांना पण माहीत होती, तर वर्ग चालला छान, पण ज्या एकीसाठी केलं होतं तीच नव्हती.

पानीवाल्या मुलाला मी मधल्या सुट्टीत सॉरी म्हटलं. तो म्हणाला कशाबद्दल. मी सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या मॅडम, इंग्लिशच्या सरांना वॉटर म्हनायचं, मराठीला पाणी आन् घरी पानी, आमचं पाठ हाय." मग मागच्या मंगळवारच्या पाठाला त्याने परत हात वर केला. बाष्पीभवन सांगताना पानीच म्हणाला, मी काही बोलले नाही, फळ्यावर लिहिताना पाणी लिहिलं. ह्यावेळी शेरा आलाय, "विद्यार्थ्यांच्या अशुद्ध उच्चारांकडे दुर्लक्ष." दहापैकी सहा.

अजून एक विचारायचं होतं. ह्या पेपरला समुदाय भेटीचा अहवाल असतो, सगळे गावातल्या पतसंस्थेला नाहीतर बालसुधारगृहाला जाऊन फोटो चिकटवतात. मी कोपीवर जाऊ का असं विचारलं तर परवानगी मिळाली. किती वाजता जावं, आणि काही घेऊन जावं का? बिस्किटं वगैरे?

---

गोदाकाठ

सकाळी नका जाऊ, कोपीवर लेकरं आणि कुत्री सोडून कुणी नसतं. गाडी भरून गेली की साधारण संध्याकाळी पाचनंतर. पण त्या वेळी चुली पेटत असतात, बाया दमलेल्या असतात, तर प्रश्नावली काढून बसू नका, दहा मिनिटं भाकऱ्या होऊ द्या.

बिस्किटं नको. चहा देतील तो प्या, साखर लई असती. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, दर हंगामात कुणीतरी येऊन फोटो काढून जातं. आणि पोरीच्या आईला पहिलंच हे सांगा की तुमची पोर दोन धडे पुढं आहे.